गजकर्णावर कोरफडीचा गर : किती भिस्त ठेवावी?

पावसाळा लागला की आमच्या दवाखान्यात जांघेतल्या, काखेतल्या आणि कमरेभोवतीच्या खाजेचे रुग्ण वाढतात. त्यातले बरेचजण आधी घरी काहीतरी लावूनच आलेले असतात. हल्ली त्यात कोरफडीचे नाव वरचेवर येते. "झाडपाल्याचेच आहे, अपाय तर नाही ना?" असे मला अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर आज सविस्तर पाहू.

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीमुळे होणारा त्वचारोग आहे. 'रक्त बिघडल्याने' तो होत नाही. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरावर जगते आणि कडेकडेने पसरत जाते. म्हणूनच चट्टा मधे निवळलेला आणि कडेला लाल, खवलेदार दिसतो. घाम, ओले कपडे आणि घरात सर्वांचा एकच टॉवेल ही तिच्या वाढीची कारणे.

कोरफडीच्या पानातील पारदर्शक गरात बहुतांश पाणीच असते. तो लावल्याने त्वचेला गारवा मिळतो, आग आणि खाज थोडी कमी होते. प्रयोगशाळेत कोरफडीचा काही बुरशींवर परिणाम दिसला आहे. परंतु नुसत्या गराने माणसाचे गजकर्ण मुळापासून बरे होते, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. तेव्हा गर हा औषधाचा सोबती समजावा, औषध नव्हे.

लावायचाच असेल तर पान कापून थोडा वेळ उभे ठेवावे, म्हणजे पिवळा चीक निथळून जाईल. या चिकाने त्वचेची जळजळ होऊ शकते. मग पान धुऊन आतला गर घ्यावा, आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस वाट पाहावी. खाजवून सोललेल्या किंवा पाणी सुटलेल्या जागी लावू नये.

कोरफडीपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती दुकानातून मागून आणलेल्या मिश्र मलमांची. त्यात क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि रुग्ण खूश होतो. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी मोकाट पसरते. पुढे कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे वळ उमटतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याचसाठी.

दुसरी अडचण हट्टी बुरशीची. 2020 मध्ये जपानमधील संशोधकांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिलेली बुरशी आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळते. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

मग करावे काय? डॉक्टरांनी दिलेले मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाला तरी निदान दोन आठवडे लावत राहा. अर्ध्यावर सोडलेला उपचार हेच रोग उलटण्याचे मोठे कारण आहे. आंघोळीनंतर सांधे नीट कोरडे करा, सैल सुती कपडे वापरा आणि ते उन्हात वाळवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर सर्वांचा उपचार एकाच वेळी करा, नाहीतर रोग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो.

मुलांच्या डोक्यातील चट्टा आणि नखातील बुरशी यांना बहुधा पोटातून औषध लागते. तिथे गर लावत वेळ दवडू नये. मधुमेही आणि गर्भवती स्त्रियांनी तर परस्पर काहीच लावू नये. कुंडीतली कोरफड जरूर जोपासा, पण चट्टा पसरू लागला की ट्यूब आणायला दुकानात न जाता आधी डॉक्टरांना दाखवा.