आधी नवऱ्याची तपासणी, मग ऑपरेशनची गोष्ट

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की घरात पहिली चर्चा सुनेची होते. तिची सोनोग्राफी, तिचे रक्त, तिच्या नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत ते बघणे. नवस आणि गंडे आपण सोडले, पण 'दोष बाईचाच' ही समजूत पुष्कळ घरांनी अजून सोडलेली नाही. नवऱ्याची तपासणी सगळ्यात शेवटी होते, नाहीतर होतच नाही. खरे पाहता मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. आणि पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत स्वस्त, सुई न टोचता होणारी आहे.

हा विषय मासिकात कशाला, असे कुणाला वाटेल. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात छापलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. खटला कर्वे हरले. पण ज्या विषयासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, तो आपल्या घरात बोलायला लाज कसली?

एक वर्ष नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत तर दोघांनी एकाच वेळी तपासणी सुरू करावी. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. नवऱ्याची वीर्य तपासणी करायची ती दोन ते सात दिवस संबंध न ठेवता. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून न्यायचा तर तासाच्या आत पोचवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलीलीटरमध्ये किमान १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यांपैकी निदान ४२ टक्के हलणारे असावेत. याहून कमी आले म्हणजे मूल होणारच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. ताप येऊन गेला असेल, तरी आकडा दोन-तीन महिने पडलेला राहतो. म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावू नका. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा, आणि सर्जनला प्रत्यक्ष अंग तपासू द्या. कागद बघून ऑपरेशन सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

पुरुषासाठी ऑपरेशन तीन-चार ठरावीक कारणांवरच उपयोगी पडते. शुक्राणू कमी आहेत, म्हणून ऑपरेशन, असा सरळ हिशेब नसतो.

सर्वांत जास्त आढळणारे कारण व्हेरिकोसील. अंडकोशातल्या गोळीकडून, म्हणजे वृषणाकडून, रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात. पायावर जशा निळ्या शिरा उठतात तसाच हा प्रकार. उभे राहिल्यावर गोळीच्या वर दोऱ्यांचा गुंता हाताला लागतो, आडवे झाले की कमी होतो. बहुधा डाव्या बाजूला असतो, कारण डावीकडची शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. साचलेल्या रक्ताने गोळी तापते. शुक्राणू तयार व्हायला मात्र शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. (फुगवटा फक्त उजवीकडेच असेल किंवा आडवे झाल्यावरही कमी होत नसेल, तर पोटाची सोनोग्राफी आधी करून घ्यावी. पोटातली गाठ शीर दाबत असू शकते.)

साधारण १०० पुरुषांपैकी १५ जणांना व्हेरिकोसील असते आणि त्यांतल्या पुष्कळांना मुलेबाळे असतात. म्हणून ते दिसले की कापा, असे नाही. हाताला लागणारा फुगवटा आहे, वीर्याचा रिपोर्ट बिघडलेला आहे आणि पत्नीच्या तपासणीत मोठा अडथळा नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ऑपरेशनचा विचार करावा. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या शिरांसाठी ऑपरेशनचा फायदा सिद्ध झालेला नाही. नेमके अशांनाच ऑपरेशन सांगितले जाते, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

ऑपरेशनात फुगलेल्या शिरा बांधतात. इथे एक घोटाळा होतो. दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे पोटात नळी घालून केलेले; सूक्ष्मदर्शकाखाली केलेले ऑपरेशन निराळे. त्यात जांघेजवळ लहान छेद घेऊन, रोहिणी आणि लसिकावाहिन्या वाचवून, एकेक शीर बांधतात. या पद्धतीत शिरा परत फुगण्याचे प्रमाण शेकडा एक-दोन आणि पाणी भरण्याचे, म्हणजे हायड्रोसीलचे, प्रमाण त्याहूनही कमी. जुन्या उघड्या पद्धतीत दोन्ही प्रमाणे बरीच जास्त असतात. कोणत्या पद्धतीने करणार, हे आधी विचारावे.

यशाचे काय? ऑपरेशननंतर १०० पैकी ६० ते ७० जणांचा रिपोर्ट सुधारतो. पण रिपोर्ट सुधारणे वेगळे आणि मूल होणे वेगळे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑपरेशन केलेल्या दर १०० जोडप्यांपैकी सुमारे ३३ जणांना वर्षभरात आपोआप दिवस गेले, ऑपरेशन न केलेल्यांत सुमारे १४ जणांना. म्हणजे फायदा आहे, हमी नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून पहिली तपासणी तीन महिन्यांनी आणि पुढची सहा महिन्यांनी करायची. पंधरा दिवसांत 'अजून काही नाही' म्हणून घरच्यांनी त्याला किंवा तिला बोल लावू नये.

दुसरे कारण, वाट बंद असणे. गोळीत शुक्राणू तयार होतात, पण बाहेर येत नाहीत. क्षयरोग, गुप्तरोगाचा जुना संसर्ग, लहानपणीच्या हर्नियाच्या ऑपरेशनात शुक्रवाहिनीला लागलेला धक्का, किंवा जन्मतःच ती नसणे, अशी याची कारणे. क्षयरोग असेल तर आधी त्याचे औषध पूर्ण करावे लागते.

वाट बंद असण्याचे सर्वांच्या परिचयाचे कारण नसबंदी. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात पुरुषांच्या ६० लाखांवर नसबंद्या झाल्या. ती जबरदस्ती जुन्या माणसांच्या अजून स्मरणात आहे. आज नसबंदी मर्जीने होते, पण मूल दगावले किंवा दुसरे लग्न झाले की ती उलटवण्याचा प्रश्न येतो. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रवाहिनी पुन्हा जोडता येते. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीचे १९९१ चे आकडे आजही सांगितले जातात. नसबंदीला तीन वर्षे झाली नसतील, तर ९७ टक्के जणांच्या वीर्यात पुन्हा शुक्राणू आले आणि ७६ टक्के जोडप्यांत दिवस गेले. पंधरा वर्षे उलटल्यावर हेच आकडे ७१ आणि ३० वर आले. तेव्हा जोडायचे ठरले असेल, तर वर्षे घालवू नयेत.

तिसरा आणि सर्वांत अवघड प्रकार, वीर्यात एकही शुक्राणू नसणे आणि गोळीतच ते नीट तयार न होणे. गोळ्या लहान आणि रक्तातले एफएसएच वाढलेले असेल, तर संशय इकडे जातो. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून शुक्राणू शोधतात. जवळपास निम्म्या पुरुषांत ते सापडतात. पण त्यापूर्वी रक्तातील गुणसूत्रांची तपासणी करावी. वाय गुणसूत्राचे काही ठरावीक भाग नसतील, तर शुक्राणू सापडण्याची आशा नसते आणि ऑपरेशन वाया जाते.

सापडले तरी काम संपत नाही. तो शुक्राणू प्रयोगशाळेत पत्नीच्या अंड्यात सोडावा लागतो. ही पद्धत १९९२ पासून जगात रूढ झाली. खाजगीत एका प्रयत्नाचा खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि पहिल्याच प्रयत्नात मूल होईल असे नाही. पत्नीचे वय वाढेल तशी शक्यता घटते. इथे बचत गटाचे किंवा सावकाराचे कर्ज काढण्यापूर्वी किती प्रयत्नांचा खर्च झेपेल, हे दोघांनी बसून ठरवावे. दवाखान्याला २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. दत्तक घेणे हाही मार्ग आहे, आणि माझ्या मते त्याचा विचार शेवटचा म्हणून नव्हे, बरोबरीने व्हावा.

काहींना ऑपरेशन लागतच नाही. ताकदीसाठी जिममध्ये घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्राणू तयार होणे थांबते. ती बंद केली की बहुतेकांचे पुन्हा सुरू होते, वेळ मात्र लागतो. मेंदूकडून संप्रेरक कमी येत असेल, तर त्यावर इंजेक्शनांचा उपचार आहे. आपल्या जालन्यात सळईच्या कारखान्यांत भट्टीपाशी उभे राहणारी पोरे पुष्कळ आहेत. भट्टीमुळेच मूल होत नाही असे छातीठोक म्हणता येत नाही, पण सततची उष्णता शुक्राणूंना मारक असते. साहेबाला सांगून तीन-चार महिने दुसऱ्या खात्यात काम मिळत असेल तर मागावे. कपाशीवर फवारणी करणाऱ्यांनी अंग झाकून फवारावे आणि नंतर आंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. तंबाखू, गुटखा, दारू सोडल्याशिवाय महागड्या गोळ्या घेणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे.

लहान मुलांकडेही बघा. मुलगा सहा महिन्यांचा झाला तरी एखादी गोळी खाली उतरलेली नसेल, तर जिल्हा रुग्णालयात दाखवा. ऑपरेशन वर्षाच्या आत, फार तर दीड वर्षापर्यंत व्हावे. महात्मा फुले योजनेत बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि मुलाच्या किंवा तरुणाच्या गोळीत अचानक जीवघेणी कळ आली, उलटी झाली, तर गोळीला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांत सोडवला तर गोळी वाचते. मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या खेड्यात रात्री हे झाले तर सकाळची एसटी बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

मोठ्या माणसाच्या तपासणीला जालन्याच्या जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करावी. पुढे संभाजीनगरच्या घाटीत पाठवले तर दोन्ही वीर्य रिपोर्ट, एफएसएचचा रिपोर्ट, जुन्या ऑपरेशनचे कागद आणि पत्नीची फाइल बरोबर न्या. आणि दोघेही जा.