नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आपल्या भाषेंतील एक मौज पाहा. पाळण्यांतील मुलाला आपण नांव ठेवतों, आणि शेजाऱ्याचे दोष काढावयाचे झाले म्हणजे त्याला नांवें ठेवतों. एकवचन व अनेकवचन एवढाच काय तो फरक! दुर्दैवानें कधीं कधीं हीं दोन्ही कृत्यें एकाच शब्दानें उरकलीं जातात. म्हणून माणसें, वस्त्या, रोग व धंदे ह्यांस नांव कसें द्यावें, ह्याचा आज थोडा विचार करूं. वाचकांनीं आरंभींच एक सूत्र मनांत धरावें: नांव देणारा एक असतो, आणि तें वागविणारा दुसरा असतो. देणाराचें काम घटकाभराचें, वागविणाराचें जन्मभराचें.

१. मुलांचीं नांवें. ज्या घरांत मुलें जगत नसत, तेथें पूर्वीं धोंडू, दगडू, कचरू अशीं नांवें ठेवीत. मूल कवडीमोल आहे असें भासवावें, म्हणजे त्यास दृष्ट लागणार नाहीं, अशी आईबापांची समजूत असे. समजूत खोटी, पण तिच्या मुळाशीं माया होती. ‘नकुसा’ ह्या नांवाची गोष्ट निराळी. मुलीमागून मुलगी झाली, आणि घराला मुलाची आस असली, कीं तिला हें नांव मिळे. पुढें ती शाळेंत गेली म्हणजे आपण कोणास नको होतों, हें रोज हजेरीच्या वेळीं चारचौघांत ऐकून तिला “हजर” म्हणावें लागे. २२ ऑक्टोबर २०११ रोजीं साताऱ्यास समारंभ होऊन अशा २८५ मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं. नांव पालटल्यानें घरच्यांचें मन त्याच दिवशीं पालटतें असें नाहीं. तथापि रोजचा एक घाव तरी चुकतो.

उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायांतील प्रसंग येथें आठवतो. प्रसूतींत प्राण सोडतांना राहेलीनें मुलाचें नांव बेनओनी, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, असें ठेविलें. बापानें मात्र त्यास बन्यामीन, म्हणजे ‘उजव्या हाताचा पुत्र’, म्हटलें. याकोबाचें दुःख लहान नव्हतें. पण तें त्यानें लेंकराच्या माथीं मारलें नाहीं.

व्यवहाराची गोष्टही लक्षांत असावी. जन्माची खबर २१ दिवसांच्या आंत द्यावी लागते. परंतु नांव ठरलें नसेल तर तें मागाहून, बारा महिन्यांच्या आंत, फी न भरतां नोंदवितां येतें. म्हणून दप्तरांत कांहींतरी घालावयाचें म्हणून घाईनें नांव सांगूं नये. मोठेपणीं राजपत्रांत प्रसिद्ध करून नांव बदलण्याची सोय आहे; पण जें आधींच नीट करतां येतें, तें मुलावर कां सोपवावें?

२. वस्त्यांचीं व रोगांचीं नांवें. एखाद्या वस्तीस तेथील लोकांच्या जातीचें नांव असलें, म्हणजे पत्ता विचारणारा माणूस जातही विचारून मोकळा होतो. पत्र टपालांत पडतें, तेव्हांच घेणाराची पायरी ठरते. अशा वस्त्यांचीं नांवें बदलून समतानगर, क्रांतीनगर यांसारखीं नांवें द्यावीं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें घेतला. पाटी सरकार बदलील; बोलणें मात्र गांवानेंच बदलावयाचें आहे.

रोगांच्या बाबतींतही हाच अन्याय घडत आला. १९१८ सालच्या प्राणघातक तापास जगांत ‘स्पॅनिश फ्ल्यू’ म्हणतात. तो स्पेनमध्यें उपजला असें नव्हे. स्पेन महायुद्धांत सामील नव्हता, म्हणून तेथील वर्तमानपत्रें साथीच्या बातम्या उघडपणें छापीत, आणि लढणाऱ्या राष्ट्रांत त्या दडपल्या जात. खरें बोलणाराच्या कपाळीं डाग आला! म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, नव्या रोगास देशाचें, माणसाचें, प्राण्याचें किंवा एखाद्या समाजाचें नांव देऊं नये. फेब्रुवारी २०२० मध्यें ‘कोविड-१९’ हें नांव ठरलें, तें ह्याच विचारानें.

३. धंद्याचें नांव. अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन ह्यानें १८८८ सालीं आपल्या कॅमेऱ्यासाठीं ‘कोडॅक’ हा शब्द नवाच घडविला. त्यास अर्थ कांहीं नाहीं. पण तो आंखूड आहे, उच्चारास सोपा आहे, आणि दुसऱ्या कोणाच्या मालाशीं त्याचा घोटाळा होत नाहीं. ह्याच्या उलट गुजराथेंतील आणंद येथील दूध संघ पाहा. १९४६ सालीं स्थापन झालेल्या त्या संघाचें नांव ‘खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ’ असें लांबलचक होतें. त्याच्या मालास ‘अमूल’ हें नांव मिळालें. त्यांत ‘अमूल्य’ हा शब्दही ऐकूं येतो आणि आणंद गांवाची खूणही आहे. एक नांव अर्थावांचून, दुसरें अर्थानें भरलेलें; पण दोन्ही मुलांच्याही तोंडीं सहज बसतात. तथापि नांव माल सुधारीत नाहीं. दुधांत पाणी असेल, तर ‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ असें गिऱ्हाईक म्हणणारच.

ह्या सर्वांतून चार कसोट्या निघतात. नांव मोठ्यानें हांक मारून पाहावें. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर तें स्पष्ट पोंचावें. तें लिहिण्यास सोपें असावें, म्हणजे प्रत्येक दप्तरांत निराळें उमटणार नाहीं. ज्याला तें द्यावयाचें, त्याच्या अंगीं नसलेली थोरवी त्यांत मिरवूं नये. आणि चौथी कसोटी सर्वांत मोठी: तेंच नांव आपणांस कोणी दिलें असतें, तर तें आपण आनंदानें वागविलें असतें काय?

विचार करण्यासाठीं प्रश्न:
(१) आपल्या गांवांत ज्याला त्याच्या व्यंगावरून हांक मारतात, असा कोणी आहे काय? त्याचें खरें नांव आपणांस ठाऊक आहे काय?
(२) आपल्या बचत गटाचें किंवा दुकानाचें नांव वरील चार कसोट्यांस उतरतें काय?
(३) आपल्या बोलण्यांतील कोणत्या वस्तीचें नांव आजपासून बदलतां येईल?