दुकानाच्या संगणकात दोन डिस्क : चालता माल कोठे, साठा कोठे?

आमचे कापडाचे छोटे दुकान धरमतरच्या खाडीलगत, पेण-अलिबाग रस्त्यावर आहे. पूर्वी आमचा रोजमेळ व खतावणी लाल वहीत असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि हिशेब संगणकावर नेणे भाग पडले. पुढे तो संगणक इतका मंद झाला की सकाळी सुरू होईपर्यंत पहिले गिऱ्हाईक माल बघून निघूनही जाई. तेव्हा आम्ही व आमच्या भाच्याने मिळून त्यात नवी एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क तशीच आत राहू दिली. चार महिने काम झकास चालले. मग एका महिन्याच्या १० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ भरण्याची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, जुन्या डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला आणि संगणक सुरूच होईना. एसएसडी धडधाकट, विंडोज तिच्यावर, तरी पडदा काळा! चूक आमचीच होती. ती इतर बंधूंकडून होऊ नये म्हणून हा लेख.

दोन डिस्कमधील फरक

हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात मोठमोठ्या ५० तबकड्या होत्या आणि साठा मात्र सुमारे ५० लाख अक्षरांचा. आजच्या डिस्कमध्येही तबकडी फिरते, मिनिटाला बहुधा ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती नोंद काढायची तर आतील हात तेथवर सरकावा लागतो आणि तबकडी फिरून समोर यावी लागते. एसएसडीत फिरणारे काही नसते. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश चिपवर ती चालते, म्हणून नोंद तात्काळ हाती येते.

वेगाचा हिशेब असा : सलग मजकूर वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १५० ते २०० एमबी देते, साटा तारेची एसएसडी सुमारे ५५०, आणि एनव्हीएमई जातीची ३००० च्या पुढे. परंतु दुकानाच्या कामात खरा फरक सुटेसुटे वाचण्यात पडतो. तेथे एसएसडी हार्ड डिस्कच्या शंभरपट चपळ ठरते. म्हणून हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर आले तरी बिल बनवणाऱ्याला समाधान मिळते. त्यापुढील महाग वेग आपल्या कामात फारसा जाणवत नाही.

मग हार्ड डिस्क ठेवावी कशाला? तर मोठा साठा तिच्यावर स्वस्तात होतो. आपण रोज खपणारे ताके गादीमागच्या फडताळात ठेवतो आणि उरलेली गाठोडी गोदामात. त्यातलाच हा प्रकार आहे.

खरेदीपूर्वी मदरबोर्ड पाहावा

एसएसडी दोन रूपांत मिळते. एक अडीच इंची डबीसारखी, जी साटा तारेने जोडतात. दुसरी पट्टीसारखी, जी मदरबोर्डवरील एम.२ नावाच्या खाचेत बसते. पट्टीवर २२८० असे लिहिलेले असेल तर रुंदी २२ मिलिमीटर व लांबी ८० मिलिमीटर समजावी. पट्टी दिसायला सारखी असली तरी एक साटा जातीची असते व दुसरी एनव्हीएमई जातीची. काही खाचा फक्त एकच जात ओळखतात. शिवाय अनेक मदरबोर्डांत एम.२ खाच वापरली की साटाची एखाददुसरी जोडणी आपोआप बंद पडते आणि हार्ड डिस्क दिसेनाशी होते. लोक डिस्क बिघडली म्हणून दुकानात धावतात, वास्तविक तार दुसऱ्या जोडणीत लावली की काम होते. हे सर्व मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते.

फार जुना मदरबोर्ड एनव्हीएमई पट्टीवरून सुरू होत नाही. त्यासाठी साटा एसएसडीच घ्यावी, उद्या नव्या संगणकातही ती चालेल. हेही ध्यानात ठेवावे की विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. यंत्र विंडोज ११ घेऊ शकते की नाही हे पाहूनच त्यावर खर्च करावा.

५०० जीबीची डिस्क संगणकात ४६५ दिसली तर फसवणूक समजू नये. कारखाना हजाराने मोजतो व विंडोज १०२४ ने. गज आणि मीटरमधला फरक आपल्याला कोणी सांगायला नको.

बसवण्याचा क्रम

पहिले काम, सर्व हिशेबाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग संगणक बंद करून वीज काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. एम.२ पट्टी तिरपी घालून आडवी दाबावी व स्क्रू लावावा. साटा असल्यास अरुंद तार मदरबोर्डला आणि रुंद तार वीजपेटीकडून जोडावी.

आता आमची चूक. नव्या एसएसडीवर विंडोज घालताना जुन्या डिस्कची तार आम्ही काढलीच नव्हती. अशा वेळी विंडोज एसएसडीवर बसते, पण संगणक सुरू करणारा छोटा भाग जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या जागेत जाऊन बसू शकतो. दुकान नवे, पण कुलपाची किल्ली जुन्या गोदामात! जुनी डिस्क गेली आणि किल्लीही गेली. म्हणून विंडोज घालताना फक्त एसएसडी जोडलेली असावी. ते काम झाल्यावर संगणक बंद करून हार्ड डिस्क जोडावी आणि बायोसमध्ये सुरू होण्याच्या क्रमात एसएसडी पहिली ठेवावी. माल असलेली डिस्क फॉरमॅट करण्यास विंडोजने विचारले तर कदापि हो म्हणू नये.

कोणता माल कोठे

विंडोज, हिशेबाचा प्रोग्राम व चालू वर्षाची खाती एसएसडीवर ठेवावीत. जुन्या वर्षांची खाती, बिलांचे फोटो व कॅमेऱ्याचे चित्रण हार्ड डिस्कवर ठेवावे. एसएसडी काठोकाठ भरू नये, पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा. लिहून लिहून ती झिजेल ही भीती मात्र फोल आहे. ३०० टीबी लिखाणाची हमी असलेल्या डिस्कवर रोज २० जीबी लिहिले तरी ४० वर्षे लागतील.

दोन्ही डिस्क जोडून एकच मोठी ड्राइव्ह बनवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. एक बिघडली की दोन्हींवरील माल धोक्यात येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : एका पेटीतील दोन डिस्क म्हणजे सुरक्षित नक्कल नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा पाणी आणि वीज एकाच वेळी काय करतात ते आपण पाहिले. विजेचा झटका दोन्ही डिस्क एकदम नेतो, खंडणी मागणारा व्हायरसही नेतो. म्हणून आठवड्यातून एकदा तिसरी नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती घरी न्यावी. एसएसडीवरून पुसलेले बहुधा परत मिळत नाही, हेही विसरू नये.

आमची चालू खाती एसएसडीवर होती म्हणून वाचली. भाच्याने रात्री बसून सुरू होण्याचा भाग नव्याने बनवला आणि विवरणपत्र ११ तारखेला गेले. पण मागील तीन वर्षांच्या खरेदी बिलांचे फोटो त्या एकाच डिस्कवर होते, ते कायमचे गेले. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळावा लागतो. नकलांसाठी आम्हांला मुंबईत पेढीपेढीवर फेऱ्या घालाव्या लागल्या, आणि काही बिले अखेर मिळालीच नाहीत.

उधारीची वही ही केवळ आपली नसते, ती देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांची अमानत असते. तिच्यापुढे एका बाहेरच्या डिस्कचा खर्च काहीच नाही. या शुक्रवारी दुकान वाढवताना पहिली नक्कल घेऊन टाकावी, ही विनंती.