वाटेंत नासलेला माल आणि त्याची जबाबदारी

पीक वाढविणें हें शेतकऱ्याचें अर्धें काम होय. तें धडपणें बाजारांत पोंचविणें हें उरलेलें अर्धें. पहिल्या अर्ध्याविषयीं आमचे वाचक आम्हांसच चार गोष्टी शिकवूं शकतील. दुसऱ्या अर्ध्याविषयीं मात्र असें दिसतें कीं, माल गाडीवर चढला म्हणजे आपलें काम संपलें असें समजून पुष्कळजण घरीं परततात. आणि पुढें पेट्या फुटल्या, गोण्या भिजल्या, किंवा माल उशिरा पोंचून नासला, तर नशिबाला बोल लावून स्वस्थ बसतात. वर्षभराच्या मेहनतीचा पैसा अशा रीतीनें एका रात्रींत जातो. वास्तविक अशा प्रसंगीं कायदा बहुधा शेतकऱ्याच्या बाजूचा असतो. शेतकरी हरतो तो कागदांत. हें कसें घडतें व कसें टाळावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

वाहक कोणत्या प्रकारचा?

माल नेणारे दोन प्रकारचे असतात. शेजाऱ्याचा टेंपो बाजारास निघाला व त्यांत आपण चार गोण्या टाकल्या, तर तो शेजारी धंदेवाईक वाहक ठरत नाहीं. सन १८७२ च्या करार कायद्याच्या १५१ व्या कलमाप्रमाणें, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या मालाची जितकी काळजी घेईल तितकी त्यानें घेतली म्हणजे त्याची सुटका होते. दुसरा प्रकार, जो येईल त्याचा माल भाडें घेऊन नेणाराचा. त्यास कायद्यांत 'कॉमन कॅरिअर' म्हणतात. आपण त्यास सार्वजनिक वाहक म्हणूं. ट्रान्सपोर्ट कंपनी, माल नोंदणारा दलाल आणि घरपोंच पार्सल नेणारी कुरिअर कंपनी हे सर्व सन २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याच्या व्याख्येंत येतात. सरकार त्या व्याख्येंत येत नाहीं. म्हणून टपालाच्या पार्सलास हा कायदा लागत नसून तेथें सन २०२३ चा टपाल कायदा व त्याखालील नियम पाहावे लागतात.

सार्वजनिक वाहकाची जबाबदारी फार कडक आहे, आणि तिचें कारण समजण्याजोगें आहे. इंग्लंडांत सन १७०३ मध्यें न्यायाधीश होल्ट यांनीं तें स्पष्ट केलें. माल एकदां वाहकाच्या हातीं गेला म्हणजे वाटेंत काय झालें हें धन्यास कळण्याचा मार्ग उरत नाहीं. वाहकानें चोरांशीं संगनमत केलें तरी तें सिद्ध कोण करणार? म्हणून दैवी आपत्ति व राजाचे शत्रु एवढे सोडून बाकी सर्व नुकसानीबद्दल वाहकानेंच उत्तर द्यावें, असा नियम पडला. आपल्याकडे सन १८६५ चा वाहकांचा कायदा याच पायावर उभा होता, आणि इरावती नदीवर बोटी चालविणाऱ्या कंपनीच्या खटल्यांत सन १८९१ मध्यें प्रिव्ही कौन्सिलानें हाच नियम हिंदुस्थानांत लागू असल्याचें ठरविलें. सन १८६५ चा कायदा आतां गेला असून १ मार्च २०११ पासून सन २००७ चा कायदा अंमलांत आहे. तत्त्व मात्र तेंच राहिलें आहे. वाहकाची हयगय झाली हें दावा करणारानें शाबीत करावें लागत नाहीं, असें बारावें कलम सांगतें. माल धड दिला होता व तो बिघडून पोंचला, एवढें दाखविलें म्हणजे पुढील उत्तर वाहकानें द्यावयाचें.

वाहक केव्हां सुटतो?

सतराव्या कलमांत सुटकेचीं कारणें मोजून दिलीं आहेत: दैवी आपत्ति, युद्ध किंवा शत्रूचें कृत्य, दंगाधोपा, कायद्यानें झालेली जप्ती अथवा अटकाव, आणि सरकारी हुकूम किंवा बंदी. परंतु योग्य ती काळजी घेतली असती तर नुकसान टळलें असतें असें दिसल्यास यांपैकीं कोणतेंही कारण वाहकाच्या उपयोगीं पडत नाहीं. आषाढांत घाटांत पाऊस पडणें ही कांहीं दैवी आपत्ति नव्हे. ताडपत्री फाटकी होती म्हणून कांदा भिजला, तर त्याचें उत्तर पावसानें नव्हे, वाहकानें दिलें पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पिकून आलेलें फळ साध्या खोक्यांत पेंढ्यावांचून भरलें आणि तें आपोआप नासलें, तर तो दोष पाठविणाराकडे येतो. तसेंच माल सोंपविण्यापूर्वीं जें फॉरवर्डिंग पत्रक भरावयाचें, त्यांतील मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी कायद्यानें पाठविणारावर ठेविली आहे. तेव्हां भरणी चांगली असावी आणि पत्रक खरें असावें, या दोन गोष्टी आपल्याकडच्या आहेत.

भरपाई किती? येथेंच बहुतेकजण फसतात

वाहक जबाबदार ठरला म्हणजे संपूर्ण किंमत मिळते, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. सन २०११ च्या नियमांप्रमाणें वाहकाचें देणें भाड्याच्या दसपटीपुरतें मर्यादित आहे, आणि तेंही पत्रकांत लिहिलेल्या किमतीहून अधिक होऊं शकत नाहीं. उदाहरणादाखल आंकडे घेऊं. देवगडहून पुण्यास हापूसच्या १०० पेट्या पाठविल्या. पेटीची किंमत १,५०० रुपये, म्हणजे एकूण माल १,५०,००० रुपयांचा. भाडें पेटीस ६० रुपयांप्रमाणें ६,००० रुपये. गाडी उलटून सर्व माल गेला, तरी भरपाई ६०,००० रुपयांपुढें जात नाहीं. ९०,००० रुपये बागाईतदाराचे बुडाले. त्यांतच "किंमत कमी लिहा, काम सोपें होतें" हा कारकुनाचा सल्ला ऐकून पत्रकांत ४०,००० रुपये लिहिले असतील, तर हातीं येणार ते ४०,०००च.

यावर उपाय कायद्यांतच ठेविला आहे. पाठविणारानें जादा जोखमीचा दर देण्याचें कबूल केलें, तर ही दसपटीची मर्यादा राहत नाहीं. मौल्यवान व नाजूक माल पाठवितांना हा दर विचारावा आणि कबूल झालेली गोष्ट पत्रकावर व बिल्टीवर लिहवून घ्यावी. तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाहीं. तो दर फार वाटला, तर वाहतुकीचा विमा उतरण्यास किती खर्च येतो तें पाहून दोहोंपैकीं जें स्वस्त पडेल तें करावें.

उशिराविषयीं निराळा नियम आहे. माल पोंचविण्याची मुदत उभयतांनीं ठरवून पत्रकांत लिहिली असेल, तर त्या मुदतीपर्यंतच्या विलंबाबद्दल भरपाई भाड्याच्या रकमेपुरतीच मिळते. मुदत उलटल्यावर मात्र वर सांगितलेली भरपाई लागू होते. नाशवंत मालाच्या पत्रकांत मुदत आंखूड घालावी, हा यापासून घ्यावयाचा धडा.

बिल्टीच्या पाठीवर बारीक अक्षरांत पुष्कळ अटी छापलेल्या असतात. सन १९९६ मध्यें एका कुरिअरच्या खटल्यांत, पाठविणाराची सही असलेल्या पावतीवरील भरपाईची मर्यादा सर्वोच्च न्यायालयानें मान्य केली. उलट सन २००० मध्यें त्याच न्यायालयानें असें ठरविलें कीं, "धन्याच्या जोखमीवर" एवढ्या शब्दांनीं वाहक स्वतःच्या हयगयीच्या जबाबदारींतून सुटत नाहीं. तात्पर्य, छापील शब्दांनीं घाबरूं नये. पण वाचल्याशिवाय सहीही करूं नये.

रेल्वेनें माल पाठविल्यास

रेल्वेचा कायदा वेगळा आहे. सन १९६२ च्या आरंभापासून रेल्वेवरही सार्वजनिक वाहकासारखीच जबाबदारी आली, व सन १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ९३ व्या कलमांत ती कायम आहे. मात्र मालाचें स्वाभाविक नासणें किंवा वजनांत घटणें हें तेथें सुटकेचें कारण म्हणून स्पष्ट लिहिलें आहे. धन्याच्या जोखमीच्या दरानें माल पाठविला असेल, तर रेल्वेची हयगय आपणांस शाबीत करावी लागते. नाशवंत मालाविषयीं एक कलम विशेष ध्यानांत ठेवावें: इतर माल स्टेशनावर उतरल्यापुढें सात दिवसपर्यंत रेल्वेवर कांहीं जबाबदारी राहते, फळें व भाजी यांसारख्या नाशवंत मालाविषयीं प्रवास संपतांच ती संपते. म्हणून घेणारा माणूस स्टेशनावर हजर असलाच पाहिजे. माल बिघडलेला किंवा हाताळलेला दिसल्यास ८१ व्या कलमाप्रमाणें तो उघडून देण्याची मागणी करावी; ती मान्य करणें रेल्वेवर बंधनकारक आहे.

माल कोणाचा, दावा कोणाचा?

अडत्याकडे विकण्यासाठीं पाठविलेला माल विकला जाईपर्यंत शेतकऱ्याचाच असतो. वाटेंतील तोटा त्याचा, आणि दावाही त्याचाच. गिऱ्हाइकाच्या मागणीवरून पाठविलेल्या मालाची गोष्ट निराळी. सन १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणें, दुसरें कांहीं ठरलें नसल्यास, वाहकाच्या स्वाधीन केलेला माल गिऱ्हाइकासच दिला असें सकृद्दर्शनीं धरतात. परंतु विक्रेत्यानें वाहकाशीं मालास साजेसा करार केला नाहीं, तर हें म्हणणें नाकारण्याचा अधिकार गिऱ्हाइकास आहे. तेव्हां पेट्या डाकेनें, कुरिअरनें कीं मोटारीनें जाणार, आणि फुटल्यास तोटा कोणाचा, हें मागणी घेतांनाच लिहून ठरवावें.

माल पोंचल्यावर काय करावें?

दावा बहुधा येथें मरतो. अडत्याचा गुमास्ता गडबडींत "माल ठीक मिळाला" अशी सही करून मोकळा होतो, आणि चार दिवसांनीं नासलेल्या मालाची पट्टी शेतकऱ्याच्या हातीं येते. त्या एका सहीनें वाहकाच्या हातीं आपल्याविरुद्ध पुरावा जातो. म्हणून अडत्यास आगाऊ लेखी कळवावें कीं, नग मोजून, वजन पाहून व फुटलेल्या पेट्यांची संख्या पावतीवर लिहूनच सही करावी. पेट्या गाडीवर असतांनाच छायाचित्रें घ्यावीं; हमालांनीं त्या उतरवून गाळ्यांत नेल्यावर झालेली मोडतोड वाहकाच्या माथीं मारतां येत नाहीं. चांगल्या मालाचा त्या दिवशींचा भाव दाखविणारी पट्टी जपून ठेवावी, कारण किमतीचा पुरावा तोच.

त्यानंतर नोटीस. रस्त्याच्या वाहकास माल नोंदल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आंत, आणि रेल्वेस माल सोंपविल्यापासून सहा महिन्यांच्या आंत, लेखी मागणी पोंचली पाहिजे. दावा करण्याची मुदत तीन वर्षांची आहे. रस्त्याच्या वाहकावरील दिवाणी न्यायालयांत, रेल्वेवरील रेल्वे दावा न्यायाधिकरणांत. तीन वर्षे आहेत म्हणून निश्चिंत राहणारा शेतकरी नोटिशीची मुदत चुकवितो, आणि मग खरा दावाही उभा राहत नाहीं. नोटिशीस मोठी भाषा लागत नाहीं. पुढील मजकूर पुरे आहे:

"आपली बिल्टी क्रमांक अमुक, तारीख अमुक, अन्वयें अमुक गांवाहून अमुक गांवीं पाठविलेल्या इतक्या नगांपैकीं इतके नग फुटलेले, भिजलेले अथवा कमी मिळाले. त्यांची किंमत रुपये इतके. सदर रक्कम तीस दिवसांत द्यावी. न दिल्यास कायदेशीर इलाज करण्यांत येईल."

सोबत बिल्टीची नक्कल जोडावी आणि पोंच मिळेल अशा टपालानें पाठवावी.

आमच्या वाचकांनीं या हंगामांत पहिली गाडी भरण्यापूर्वीं बिल्टीचें एक जुनें पुस्तक काढून पाहावें. किंमत खरी लिहिली आहे काय? जोखमीचा दर कोणता? मुदत घातली आहे काय? घेतांना शेरा मारला आहे काय? या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर असतील, तर वाटेंत फुटलेल्या पेटीचा पैसा वाहकाकडून मागतां येतो. तीं नसतील, तर कायदा कितीही चांगला असला तरी तो शेतकऱ्याच्या पदरीं कांहीं घालूं शकत नाहीं.