दापोडी ते तंजावर : दोघांचा खर्च किती?

तंजावरला पोहोचल्यावर फार पैसे लागत नाहीत. खर्च होतो तो वाटेत. म्हणून आधी रजा मोजा, मग गाडी ठरवा.

पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या अनेक कंपन्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. बुधवारी पाळी संपवून दापोडीहून लोकलने पुणे स्टेशन गाठा आणि रात्रीची चेन्नई गाडी धरा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत चेन्नई येते. तिथल्या एग्मोर स्थानकावरून रात्री सुटणारी उळवन एक्स्प्रेस पहाटे तंजावरला सोडते. शुक्रवार-शनिवार शहर पाहून शनिवारी रात्री परत निघालात, की सोमवारी पुण्यात. रजा चार.

दोघांचा अंदाजे खर्च (थ्री एसी)

- पुणे-चेन्नई, जाऊन-येऊन : 6,000 रुपये
- चेन्नई-तंजावर, जाऊन-येऊन : 2,800
- साधी स्वच्छ खोली, दोन दिवस : 3,600
- पाच दिवसांचं खाणं : 4,000
- रिक्षा, बस, प्रवेश तिकिटं : 2,000
- एकूण : 18,400

स्लीपरने गेलात तर हाच खर्च 13 हजारांच्या आसपास येतो. पुणे-चेन्नई विमानाने केलंत तर 32 हजारांच्या घरात जातो आणि वाचते एकच रजा. ती रजा 14 हजारांची आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं. चारही तिकिटं तेव्हाच काढा. तत्काळच्या भरवशावर राहिलात तर हिशेब कोलमडतो.

काय पाहाल?

राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिरात प्रवेश फुकट आहे. दुपारी दर्शन बंद असतं आणि अनवाणी पायांना फरशी भाजते, म्हणून सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. सरफोजीराजे दुसरे यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास इथल्याच भिंतीवर आहे. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत ही गादी मराठ्यांची होती. राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय एकाच आवारात आहेत. अर्धा दिवस द्या. ग्रंथालयाची साप्ताहिक सुट्टी आणि सरकारी सुट्ट्या पाहूनच बेत आखा.

दुसऱ्या दिवशी बसने कुंभकोणमजवळच्या दारासुरमला जा. तिथलं ऐरावतेश्वर मंदिर 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यासाठी वेगळी टॅक्सी करण्याची गरज नाही.

पैसे कुठे वाचतात, कुठे जातात?

केळीच्या पानावरचं दुपारचं जेवण पोटभर आणि स्वस्त असतं. हॉटेलातली उत्तर भारतीय थाळी महाग आणि बेचव निघण्याचीच शक्यता जास्त. गाडी पहाटे पोहोचते, म्हणून पहाटे खोली मिळेल का आणि दिवस 24 तासांचा धरतात का, हे आरक्षणापूर्वी विचारा. नाहीतर एका रात्रीचं भाडं जास्तीचं बसतं. तंजावर शैलीचं चित्र घ्यायचं असेल तर सोन्याचा वर्ख खरा आहे का, ते बिलावर लिहून घ्या.

नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे पाऊस असतो, एप्रिल-मेमध्ये ऊन सोसत नाही आणि पोंगलच्या आठवड्यात खोल्या व गाड्या भरलेल्या असतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. डिसेंबर उजाडण्याआधी रजेचा अर्ज टाका.