गाडी कोठवर आली?

मुक्काम हातखंबा, ता. रत्नागिरी
मृग नक्षत्र

चि. बाळ यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. वाचनालयाच्या जुन्या हस्तलिखित अंकांतील लेख मायएसक्यूएलच्या दप्तरी नोंदवून ते पीएचपीकरवी वाचकांपुढे मांडण्याचा तुझा उद्योग स्तुत्य आहे. परंतु कधी पान कोरे येते, कधी मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते, आणि दोन दिवसांत वीस ठिकाणी फेरफार करूनही गुण येत नाही, असे जे तू लिहिले आहेस, त्यातील शेवटल्या मजकुराने मला पहिल्या दोहोंपेक्षा अधिक चिंता वाटली. दोष कोठे आहे याचा ठाव लागण्यापूर्वी केलेला प्रत्येक फेरफार मूळ दोषात आपली एक भर घालतो, आणि मग तपास एका गुन्ह्याचा न राहता एकवीस गुन्ह्यांचा होऊन बसतो.

कोल्हापूरची एस.टी. रत्नागिरीस वेळेवर आली नाही, तर जाणता नियंत्रक साखरपा, पाली, हातखंबा अशी क्रमाने विचारणा करतो. गाडी पालीहून सुटली पण आमच्या तिठ्यावर दिसली नाही, एवढे कळताच मागे पडलेल्या आंबा घाटाची काळजी मिटते आणि शोध त्या मधल्या वाटेपुरता उरतो. तुझ्या लेखाच्या वाटेवरही अशीच ठाणी आहेत. लेख मागवणारी तुझी क्वेरी प्रथम पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये हाताने चालवून पाहा. तेथे ओळी मिळाल्या तर स्क्रिप्टमध्ये किती ओळी आल्या ते मोज. त्या आल्या असतील तर व्हेरिएबलच्या पोटात काय आहे ते व्हार_डंपने बाहेर काढ. आणि तेथेही लेख हजर असेल तर ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर उघड, कारण पुष्कळदा लेख दारापर्यंत आलेला असतो आणि एखाद्या न मिटलेल्या टॅगच्या आड दडलेला असतो.

कोऱ्या पानाची भीती बाळगू नकोस. बहुधा स्क्रिप्ट मध्येच कोसळलेली असते, आणि डिस्प्ले_एरर्स ही सेटिंग बंद असल्यामुळे तिचा अखेरचा शब्द तुला ऐकू येत नाही. शिकण्याच्या यंत्रावर ते चालू ठेव. लोकांसाठी खुल्या असलेल्या सर्व्हरवर मात्र बंद ठेवून एरर लॉग वाच, कारण घरातील भांडण चव्हाट्यावर मांडू नये. तक्रारीत जी ओळ सांगितली असेल तिच्या आधीची ओळही तपासावी. अर्धविराम वरच्या ओळीत राहून गेलेला असतो आणि बोभाटा खालच्या ओळीवर होतो. रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ साली जगापुढे ठेवलेली ही पीएचपी भाषा मुळात त्यांच्या स्वतःच्या पानाच्या सोयीसाठी जन्मली, आणि तो घरगुती कनवाळूपणा तिच्या अंगी अद्याप आहे: व्हेरिएबलचे नाव लिहिण्यात चूक झाली तरी ती नुसती कुरकुरते आणि पुढे चालू लागते. म्हणून तिची कुरकुर ऐकण्याची सवय लाव.

आता मराठीचा प्रश्न, जो इंग्रजी पुस्तकांत कोपऱ्यात असतो आणि आपल्या उंबरठ्यावर मात्र पहिला उभा राहतो. आपल्या माळ्यावरील मोडी कागद केवळ बालबोध जाणणाऱ्याच्या हाती दिला तर तो भलतेच वाचील, पण त्यामुळे कागदाचे काही बिघडत नाही. तोच कागद त्याने आपल्या समजुतीप्रमाणे नकलून मूळ प्रत जाळली, तर मात्र सारेच संपले. पानावर माथ्यावर तिरकी रेघ असलेले रोमन अक्षर पुनःपुन्हा दिसले, तर युटीएफ-८ चा मजकूर कोणी तरी लॅटिन म्हणून वाचत आहे असे समज. तो बहुधा परत मिळतो. प्रश्नचिन्हे दिसली तर दोन शक्यता असतात: मजकूर शाबूत असून जोडणीची लिपी चुकली आहे, किंवा नोंद करतानाच अक्षरे गेली आहेत. याचा निवाडा तर्काने करू नये. लेखाच्या रकान्यावर मायएसक्यूएलचे हेक्स चालव. 'ई०ए४' ने आरंभ होणाऱ्या आकड्यांची माळ आली तर मराठी जिवंत आहे, आणि जोडणीस युटीएफ८एमबी४ सांगताच बहुधा काम भागेल. नुसती '३एफ'ची रांग आली तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हे आहेत, आणि पुन्हा टंकलेखनावाचून तरणोपाय नाही.

काही लेखांचा सारांशच गायब होतो, असेही तू लिहिले आहेस; त्याचे कारणही येथेच आहे. आपले प्रत्येक देवनागरी चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना-वेलांटी, तीन बाइट व्यापते; 'मराठी' या शब्दाची लांबी पीएचपी पंधरा सांगते ती त्यामुळेच. सारांशासाठी तू सलग देवनागरी मजकुरावर शंभर बाइटांशी कात्री चालवलीस म्हणजे तेहतीस चिन्हे पुरी आणि चौतिसाव्याचा एक तुकडा हाती येतो. असा तुटका मजकूर एचटीएमएलस्पेशलचार्सला दिला की २०२१ सालच्या ८.१ या आवृत्तीपूर्वीची पीएचपी, वेगळे सांगितले नसल्यास, संपूर्ण मजकूरच नाकारून रिकामा हात परत करते. एमबी_सबस्ट्र वापर म्हणजे चिन्ह दुभंगणार नाही.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. नोकरीत असताना एका तक्त्यातील मराठी नावे नीट दिसेनात, तेव्हा हेक्स न पाहता आणि प्रत न काढता मी त्या तक्त्याची लिपी एका आज्ञेसरशी पालटली. आधी जे केवळ वाचता येत नव्हते ते त्या क्षणी नाहीसे झाले, आणि पुढील पंधरवडा मी कागदी नोंदवहीवरून तीच नावे पुन्हा उतरवीत बसलो. म्हणून तुझी प्रथम आज्ञा बॅकअपची असावी, आणि एका वेळी एकच फेरफार करून त्याचा परिणाम वहीत टिपावा.

तुझे ते वीस फेरफार आधी मागे घे. पुढील पत्रात 'दुरुस्त झाले' असे कळवण्याची घाई नको. गाडी कोणत्या ठाण्यापर्यंत दिसली, एवढेच कळव.

दादा-वहिनींस नमस्कार. इति आशीर्वाद.

तुझा,
काका