पाच लाखांवरचा पैसा

(मामा बँकेतून निवृत्त झालेले, मुक्काम सेनगाव. भाचीचा भाऊ दुबईत नोकरीला.)

भाची : मामा, दादा बारा लाख पाठवतोय, शेताच्या खरेदीला. पण लोक म्हणतात, पाच लाखांच्या वर गेलं की बँक दिल्लीला कळवते. चार-चारचे तीन तुकडे करायला सांगू का?

मामा : कळवते, हे खरंय. 2013 पासूनचा नियम आहे. परदेशातून आलेली किंवा तिकडं गेलेली पाच लाखांवरची रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत केंद्र सरकारच्या फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटला कळवावी लागते. ते काम बँकेचं. तुला ना फॉर्म भरायचा, ना फी.

भाची : मग चौकशी लागणार?

मामा : नुसत्या या नोंदीवरून कशाला लागेल? पोरांच्या कमाईचे पैसे घरी येतातच. भानगड होते ती तुकडे केल्यावर. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वेगळा असतो आणि त्याला रकमेची किमान मर्यादाच नाही. एकाच खात्यात लागोपाठ चार, चार, चार लाख आले की अधिकाऱ्याची भुवई वर जाणारच. व्यवहार संशयास्पद आहे असं बँकेचं मत झालं, की तातडीनं अहवाल जातो. 2015 मधलं बँक ऑफ बडोदाच्या दिल्लीतल्या अशोक विहार शाखेचं प्रकरण आठवतं? आयातीची आगाऊ रक्कम दाखवून सुमारे सहा हजार कोटी रुपये बाहेर गेले, बरेचसे हाँगकाँगला. आणि बहुतेक रकमा एक लाख डॉलरच्या आत बसवलेल्या! मर्यादेच्या आत राहणं हीच त्यांची खूण ठरली.

भाची : एकजण म्हणाला, हवाल्यानं घ्या, भाव चांगला मिळतो.

मामा : त्याच्या नादी लागू नकोस. परकी चलनाच्या फेमा कायद्यात रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. शिवाय खरेदीखताच्या वेळी पैसा कुठला म्हणून विचारलं, तर दाखवणार काय?

भाची : आणि बाबांना टॅक्स?

मामा : मुलानं बापाला दिलेल्या पैशावर बापाला आयकर नाही, रक्कम कितीही असो. मात्र सातबारा दादाच्या नावावर करायचा म्हणाल, तर अडचण आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबांच्याच नावानं घ्या.

भाची : मग त्याला काय सांगू?

मामा : एकदाच पाठव म्हणावं, स्वतःच्या खात्यातून थेट बाबांच्या खात्यात. बँक कारणाचा कोड विचारते, तिथं जे खरं आहे तेच सांगा. पगाराच्या पावत्या त्यानं जपाव्यात, इसारपावती तुम्ही.

भाची : आपल्यावर संशयाचा अहवाल गेलाच, तर बँक सांगेल?

मामा : नाही सांगणार. ग्राहकाला ते कळू द्यायला कायद्यानंच मनाई आहे. मी खुर्चीत असतो, तर तुलासुद्धा सांगितलं नसतं.